बाराव्या धड्याचं पाकीट

शैला,

आज मंगळवार. पावणेबाराला माझी मान आपोआप खिडकीकडे वळली. तुझ्या स्कूटीचा आवाज पोरांना ओढ्याच्या पुलावरूनच ऐकू यायचा आणि कुणीतरी ओरडायचं, "बाई, मंगळवारच्या बाई आल्या." नऊ वर्षं तू येत होतीस, पण तुझं नाव काय हे एकाही पोरानं कधी विचारलं नाही. मंगळवारच्या बाई, बस्स. आज कुणी ओरडलं नाही. त्यांना सांगितलंय. मी फळ्यावर तारीख लिहिली, वार लिहिला आणि खुर्चीत बसले, ती मधल्या सुट्टीची घंटा होईपर्यंत उठलेच नाही.

शनिवारी केंद्रशाळेत तुझी शोकसभा झाली. फोटोला हार, उदबत्ती, सगळं रीतसर. साहेब म्हणाले, बोलण्यात अडचण असलेल्या मुलांसाठी गावोगाव फिरणाऱ्या विशेष शिक्षिका आपल्यातून गेल्या, तालुक्याची हानी झाली. आणखी एक जण म्हणाले, मॅडम मेणबत्तीसारख्या जळल्या. तू असतीस तर माझ्या कोपराला चिमटा काढून म्हणाली असतीस, "विजू, मेणबत्ती म्हनं. आन वर पंखा सोडलाय." मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी उठले नाही. लोकांना वाटलं, जवळची मैत्रीण, कंठ दाटून आला असेल. तसं नव्हतं. मला जे बोलायचं होतं ते माईकवर बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे. दमून गेले आहे, त्यामुळे पुढचं मागं होईल. तू तशीही माझं बोलणं मध्येच तोडायचीस, आता तेवढं तरी होणार नाही.

पहिली दोन वर्षं आपण एकमेकींना 'मॅडम' म्हणायचो. तू आलेली मला आवडायचं नाही, आणि ते तुला ठाऊक होतं. पहिली-दुसरी एकत्र, खिचडी शिजली का ते बघायचं, ऑनलाइन माहिती भरायची, आणि त्यात तू येऊन वर्गातलं एक पोर उचलून सामानाच्या खोलीत नेणार. पाऊण तास दार बंद. पोर परत आलं की बाकीची त्याला विचारायची, "तुला काय झालंय रं?" ते बिचारं स्वतःकडे बघत बसायचं.

तिसऱ्या वर्षी गणेश होता. र ला ल म्हणायचा. तुझ्याकडे एक छापील तक्ता होता, त्यावर रथ, राजा, रेडिओ अशी चित्रं. तीन महिने तुम्ही दोघांनी त्या खोलीत र घोटला. तक्त्यावरचा 'रथ' तो इतका झकास म्हणायचा की ऐकत राहावं, आणि वर्गात धडा वाचायला उभा केला की परत 'लानात लोज'. तू दारात उभी राहून ऐकत होतीस. मी खवचटपणे म्हणाले, "मॅडम, तुमचा र त्या खोलीतच राहिला वाटतं." मला वाटलं, चिडशील. तू म्हणालीस, "खरं हाय. त्याला हितं रथ लागतच न्हाई." आणि माझ्याकडून दुसरीचं पुस्तक मागून घेतलंस, घरी न्यायला.

पुढच्या मंगळवारी पहिलं पाकीट आलं. खाकी, कचेरीतलं, उसवून उलटं करून परत चिकटवलेलं. आत लग्नपत्रिका कापून केलेले दहा पत्ते. नऊ पत्त्यांवर शब्द आणि चित्र, सगळे मी त्या आठवड्यात शिकवणार होते त्याच धड्यातले. दहावा पत्ता कोरा. तो पोरानं घरी न्यायचा आणि आपल्या मनानं एक शब्द, एक चित्र घेऊन यायचं. पाकिटावर धड्याचा नंबर, पोराचं नाव कधीही नाही. धडा सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं सगळ्या वर्गानं जोडीजोडीनं बसायचं, एकानं पत्ता उचलून शब्द म्हणायचा, दुसऱ्यानं त्याचं वाक्य करायचं. शब्द कुणाच्या जिभेसाठी वेचलेत हे तुला आणि मला माहीत. बाकीच्यांना तो पत्त्यांचा डाव. मग लगेच पुस्तक उघडायचं आणि तेच शब्द धड्यात समोर येणार. दिवाळीपर्यंत गणेशचा र वर्गात आला. तुला कुणी 'विजू' म्हणायला सांगितलं नव्हतं, पण त्याच सुमाराला तू म्हणायला लागलीस. मीही मग 'शैला'वर आले.

भांडणं मात्र थांबली नाहीत. पोरं 'पानी' म्हणाली की मी टोकायचे. तू एकदा मला बाजूला घेऊन म्हणालीस, "त्याच्या आईचं पानी, बापाचं पानी, सगळ्या गावाचं पानीच हाय. ते दुखनं न्हाई, विजू. वहीत ण लिहायला शिकव, पन तोंडातलं पानी काडून घिऊ नको." साहेबांपुढे तुझं बोलणं अगदी पुस्तकातलं, आणि चिडलीस की थेट माहेर, कर्जत. मला तुझं कर्जत आवडायचं. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू मुद्दाम जास्त बोलली असतीस.

कार्तिकी पहिलीत आली गेल्या वर्षी. हजेरीत नऊ नंबर. मी नाव विचारलं तर म्हणाली, "सोनी." दाखल्यावर कार्तिकी. दोन-तीनदा विचारल्यावर कळलं, तिच्या तोंडी क चा त होतो, आणि एवढ्याशा पोरीच्या नावात दोन क. आई तिला सोडायला यायची ती उंबऱ्याशीच थांबायची. "वेखंड उगाळून चाटवलं, मध लावला, काय काय केलं बाई. शेजारीन म्हनती जिभंखालचा दोरा कापून घ्या." तू त्या माउलीला वर्गात बसवून घेतलंस, पोरीला जीभ बाहेर काढायला लावलीस, डावीकडे, उजवीकडे, नाकाकडे, आणि म्हणालीस, "दोरा चांगला हाय. काय बी कापायचं न्हाई. जीभ पुढंच पळती, तिला मागं बसायची सवय लावायची." आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटतं, दोन वर्षांत पहिल्यांदा तिला कुणीतरी सांगितलं की पोरीत काही तुटलेलं नाही.

आणि तो दिवस. उताणं झोपलं की जीभ आपसूक मागं जाते, म्हणून तू व्हरांड्यात सतरंजी घातलीस. एकटी कार्तिकी झोपली असती तर चारी वर्ग बघायला आले असते, म्हणून अख्खी पहिली झोपवलीस. सतरा पोरं आढ्याकडे बघून क, क, क. आधी सगळ्यांना तांब्यातल्या पाण्यानं गुळण्या करायला लावल्या होत्यास, त्यामुळे अर्धी भिजलेली. नेमके तेव्हाच केंद्रप्रमुख फाटकातून आत आले. मी शिक्षिका होऊन सव्वीस वर्षं झाली, पण अशी भंबेरी कधी उडाली नव्हती. तू शांतपणे, साहेब समोर असूनही कर्जतच्या बोलीत, म्हणालीस, "साहेब, तुमी बी पडा. लई सोपं हाय." ते म्हणाले, "आमचा क ठीक आहे, मॅडम." त्या दिवशी कार्तिकीच्या तोंडून पहिला क बाहेर पडला, घशातून, खरखरीत. ती इतकी दचकली की उठून बसली. तू तिला परत झोपवलंस आणि हनुवटीवर बोट ठेवायला शिकवलंस, जीभ पुढं पळायला लागली की तिला आठवण द्यायला.

पुढे एक गोष्ट तुझ्याच लक्षात आली. कोऱ्या पत्त्यावर ही पोर कायम बिनकाचा शब्द आणायची. भात. बाहुली. पाऊस. शेळी. गेल्या वर्षातले तिचे सगळे पत्ते तू एका दुपारी टेबलावर मांडलेस. एकातही क नाही. "बघ गं," तू म्हणालीस, "हिनं आडवाटा शोधून ठेवल्यात. सात वर्षाची पोर रोज शब्द चाळून बोलती. किती दमत आसंल." मी म्हणाले, क तर आता पत्त्यांमध्ये नीट येतोय. तू म्हणालीस, आपण दिलेल्या शब्दात आला तो आपला, तिनं आणलेल्या शब्दात येईल तो तिचा. मला ते तेव्हा फार ताणल्यासारखं वाटलं होतं.

मग यंदा दिवाळीनंतर दुसरीचं पुस्तक बदललं.

सात वर्षांची पाकिटं पत्र्याच्या पेटीत, अक्षर आणि धडा लावून ठेवलेली. मी म्हणाले, शैला, क चे शब्द ते क चेच आहेत, तीच वापर. जिभेला काय कळतंय कुठलं पुस्तक आहे ते. तू पहिल्या पायरीवर कठडा धरून उभी होतीस, दम खात. दिवाळीआधी डॉक्टरांनी हृदयाची तपासणी करून घ्यायला सांगितलेली, आणि तू 'पुस्तक संपू दे' म्हणून पुढं ढकललेली. दम जरा बसल्यावर म्हणालीस, "जिभंला कळत न्हाई. पोराला कळतं." आणि नव्यानं पत्ते कापायला घेतलेस. दर आठवड्याला एक धडा, आणि तालुक्यात तुझ्या सहा शाळा. मी तुझ्यावर मनापासून चिडले होते. ते तुझ्या जिवासाठी होतं की त्या पाकिटांमुळे माझीही दहा मिनिटं रोज जायची म्हणून, हे मला अजून नीट सांगता येत नाही. दोन्ही असेल.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. सातव्या धड्याच्या आठवड्यात तुला ताप होता, तू आली नाहीस. मी पेटीतलं एक जुनं पाकीट काढलं, वरचा नंबर खोडून सात लिहिला आणि पोरांना दिलं. कार्तिकीनं पत्ते काढले. मग पुस्तक काढलं. बोटानं एकेक ओळ धुंडाळत गेली, धडा संपला, पत्त्यावरचा एकही शब्द त्यात नाही. तिनं दहाही पत्ते गोळा करून परत आत सरकवले आणि पाकीट माझ्या टेबलावर आणून ठेवलं. "बाई, हे आमचं न्हाई." मी तुला सांगितलं, आठवडा छान गेला.

आता परिपाठाचं.

तुझी सकाळची शाळा गावच्या जत्रेमुळे बंद होती, म्हणून त्या मंगळवारी तू साडेदहालाच आमच्याकडे आलीस. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा झालेली, चारी वर्ग व्हरांड्यात रांगेनं बसलेले. ज्या वर्गाची पाळी त्यातली दोन पोरं उभी राहतात, हजेरीच्या नंबरानं; त्या दिवशी दुसरीची पाळी होती. एक सुविचार सांगतं, एक बातमी. तू फाटकाशी स्कूटी धरून उभी. मी म्हणाले, "आठ." आठ नंबरनं सुविचार सांगितला. मी म्हणाले, "दहा." सोहम उठला, त्याच्या चुलत्यानं ट्रॅक्टर घेतल्याची बातमी सांगितली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पोरं वर्गात गेल्यावर तू विचारलंस, "नऊ नंबर गैरहजर हाय का?"

कार्तिकी आपल्यासमोरून चपला काढून आत गेली.

मी म्हणाले, अगं, सगळ्या शाळेपुढं तिला कशाला उभी करायची, चौथीची पोरं फिदीफिदी हसतात. नीट यायला लागलं की घेऊ. तू विचारलंस, कधीपासून गाळतेस. मी म्हणाले, पहिलीपासून. तुझा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. तू आवाज चढवला नाहीस, चढवला असतास तर बरं झालं असतं.

"पोरं एक दिवस हसली असती, विजू. दोन दिवस हसली असती. तू दीड वर्ष तिला मोजलंच न्हाईस."

आणि मी जे बोलले ते आता तू नसताना लिहिणं सोपं नाही, पण लिहिते. मी म्हणाले, "तू आठवड्यातून एक दिवस येणार, चार पत्ते वाटणार आणि जाणार. रोज तोंड द्यायचं ते मला. तू तुझी पाकिटं सांभाळ, माझा वर्ग मी सांभाळते."

तू "बरं" म्हणालीस. आत गेलीस, पोरांबरोबर बसलीस, नेहमीसारखं काम केलंस. निघताना म्हणालीस, "येते, मॅडम."

त्यानंतर तीन मंगळवार तू आलीस. तीनही मंगळवार मी मॅडम. चहा दिला तर घेतलास, डबा उघडला तर एक घास घेऊन 'छान झालीय मॅडम'. तू कधी माझ्या भाजीला छान म्हणाली नव्हतीस, मीठ कमी आहे म्हणूनच बोंब मारायचीस. तिसऱ्या मंगळवारी तू पायरीवर कठडा धरून बराच वेळ उभी होतीस. मी वर्गाच्या दारातून बघत होते. माझ्या मनात आलं, आत्ता जावं, हात धरावा, म्हणावं की चुकलं माझं. दुसऱ्या मनानं म्हटलं, तिनंही दोन शब्द कमी बोलायला हवे होते. तेवढ्यात तू वर चढून आलीस. जाताना टेबलावर पाकीट ठेवलंस. "मॅडम, अकरावा ठेवलाय. बारावा पुढच्या मंगळवारी." आपलं शेवटचं बोलणं हे. मी मान हलवली, वहीतून डोकंही वर केलं नाही.

सोमवारी तू गेलीस. मंगळवारी साडेअकराला तिसरी-चौथीच्या सरांच्या मोबाईलवर मेसेज आला. पोरं दहा पंधरा मिनिटांनी म्हणाली, "बाई, आज मंगळवारच्या बाई कशा न्हाई आल्या?" मी फळ्याकडे वळले. सरांनीच सांगितलं.

तेराव्याला नेवाशाला तुझ्या घरी गेले. माणसं पांगल्यावर भाऊजींनी आतून तुझी ती निळी पिशवी आणून दिली. "ही तुमच्या शाळंची हाय, मॅडम. सोमवारी सांजच्याला हे चिकटवीत बसली हुती. म्हनली, जरा पाठ टेकते." एवढं बोलून ते भिंतीकडे बघत बसले. पिशवीत कात्री, डिंकाची बाटली, कुणाकुणाच्या लग्नाच्या पत्रिका आणि एक खाकी पाकीट. वर १२ लिहिलेलं. आत पाच पत्ते पुरे झालेले. सहाव्यावर शब्द होता, चित्र नव्हतं. शब्दांची यादी तुझ्या त्या बारीक अक्षरात, कमळ, काठ, खेकडा, बेडूक, असे सगळे तळ्याच्या धड्यातले. यादीत दहाव्या जागी तू लिहिलं होतंस: कोरा. तिचं तिनं.

मी एसटीत बसून राहुरीचा फाटा येईपर्यंत ते पाकीट मांडीवर धरून होते. मला तुझा राग आला, खरं सांगते. तपासणी करून घेतली असती तर. जुनी पाकिटं वापरली असती तर. मला एकदा 'विजू' म्हणाली असतीस तर. मग वाटलं, हे सगळं मी तुझ्या माथी मारते आहे, कारण माझ्या माथ्यावरचं जड आहे.

उरलेले चार पत्ते मी केले. तुला हसू आलं असतं. चित्रकलेत मी ढ, हे तुला माहीत आहे. माझ्या बेडकाला अर्धा वर्ग कासव म्हणाला आणि सोहम म्हणाला, "बाई, ह्ये बटाटं हाय." कार्तिकीनं पत्ता उचलला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "बेडूक." शेवटचा क अगदी स्वच्छ. मग पुस्तक उघडून बोट फिरवलं, बेडूक सापडला, आणि तिनं माझ्याकडे बघितलं. ह्या वेळी पाकीट त्यांचं होतं. तेव्हा मला कळलं, तू काय म्हणायचीस ते. सात वर्षं रोज वापरत होते, आणि कळायला स्वतःच्या हातानं एक बेडूक काढावा लागला.

कोरा पत्ता तिनं दप्तरात टाकला आणि घरी नेला.

काल परिपाठाला आठ नंबर आला. त्यानं सुविचार सांगितला. आदल्या दिवशी ठरवून आले होते, वाटेत दोनदा मनात म्हणून पाहिलं होतं, तरी माझ्या तोंडाशी दहाच आलं. दीड वर्षाची सवय. आणि मी काही म्हणायच्या आधीच दहा नंबरचा सोहम उठून उभा राहिला. शैला, मी एकटीच तिला गाळत नव्हते. मी सगळ्या शाळेला ते शिकवलं होतं. आठानंतर दहा येतात, हे त्या पोरांना पाढ्यासारखं पाठ झालं होतं.

मी म्हणाले, "सोहम, बस. नऊ."

कुणी उठेना. कार्तिकीनं मागं वळून बघितलं, दुसरीच कुणी नऊ नंबर आहे की काय अशा नजरेनं. मी परत म्हणाले, नऊ. ती उठली. तिच्या हातात पत्ता होता. चौथीच्या रांगेत कुजबुज झाली, सरांनी डोळे वटारले. मी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. मनात म्हणत होते, पोरी, काहीही सांग, शेळीचं सांग, पावसाचं सांग, तुझ्या आडवाटेनं जा आणि सुखरूप बस.

ती म्हणाली, "आमच्या काळ्या गाईला काल तालवड झाली."

चौथीतला एक जण फिसकन हसला. कार्तिकी थांबली. तिचा चेहरा लाल झाला. मी पुढं व्हायला निघाले, आणि खरं सांगते, तूच धरून ठेवल्यासारखी जागच्या जागी राहिले. तिनं हनुवटीवर बोट ठेवलं. सगळी शाळा वाट बघत होती.

"कालवड," ती म्हणाली. "कालवड झाली. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका हाय."

आणि बसली. टाळ्या वाजवायची आठवण मलाच राहिली नाही, सोहमनं सुरू केल्या.

मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलापाशी आली आणि पत्ता पाकिटात टाकायला दिला. दहावा. त्यावर खडूनं एक चारपायी जनावर, कपाळावर ठिपका. माझ्या बेडकापेक्षा पुष्कळ बरं. खाली वेड्यावाकड्या अक्षरात शब्द. मी पाकीट बंद केलं. ती गेली नाही, टेबलाचा कोपरा धरून उभी राहिली.

"बाई, मंगळवारच्या बाईंना कोन सांगनार?"

मी तिला काय सांगायला हवं होतं ते तुला जास्त चांगलं जमलं असतं. मी म्हणाले, "मी सांगते."

म्हणून सांगते आहे. माझं चुकलं होतं, शैला. तीन मंगळवार होते माझ्याकडे, आणि एकदा तू पायरीवर इतका वेळ उभी होतीस. तेरावा धडा मी आज काढायला घेतला आहे, चित्रं वाईटच येणार. आणि कार्तिकीच्या घरच्या काळ्या गाईला कालवड झाली. कपाळावर पांढरा ठिपका आहे. क तिनं स्वतःहून आणला.

तुझी,
विजू